रक्त जरा गडद करून द्या

मी बॉस्टनला जुने कागद दुरुस्त करायच्या लॅबमधे काम करते. मागे एक गृहस्थ घरातला फ्रेम केलेला प्रिंट घेऊन आले, बॉस्टनचाच कारागीर पॉल रिव्हिअर याचा, १७७० चा, ब्रिटिश शिपायांनी इथल्या किंग स्ट्रीटवर जमावावर केलेल्या गोळीबाराचा. म्हणाले डाग काढा, आणि रक्ताचा लाल फिका पडलाय तो जरा गडद करून द्या.

मायक्रोस्कोपखाली धरला आणि तासभर तिथेच गेला माझा. काळ्या रेघा किंचित फुगीर, तांब्याच्या प्लेटच्या खाचेतली शाई दाबाने कागदावर आलेली. लाल मात्र रेघांच्या बाहेर ओघळलेला, ब्रशचा फटकारा सरळ दिसतो. म्हणजे छापून झाल्यावर कुणीतरी बसून रक्त हाताने लावलंय!

चित्र तसं सगळंच बनवलेलं. ५ मार्चची रात्र, नऊचा सुमार, रस्त्यावर बर्फ, जमाव शिपायांना बर्फाचे गोळे मारतोय. प्रिंटमधे बर्फ गायब, आभाळ निळं, शिपाई कवायतीसारखे एका रांगेत, मागे त्यांचा कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय, आणि कस्टम हाउसवर पाटी कसली तर 'बुचर्स हॉल', म्हणजे खाटीकखाना. पाच माणसं गेली हे खरंच. पण त्यातला क्रिस्पस ॲटक्स काळा होता आणि या प्रतीत रंगवणाऱ्याने सगळे चेहरे गोरे ठेवलेत. ब्रश तर हातातच होता ना!

मूळ कल्पनाही रिव्हिअरची नाही. हेन्री पेलहॅम या चित्रकाराचं चित्र बघून याने प्लेट कोरली, त्याच्याआधी विकायलाही काढली, पेलहॅमने चिडून पत्र लिहिलं. तोवर तीन आठवड्यांत प्रिंट बाजारात. खटला उभा राहिला शरद ऋतूत, तेव्हा शिपायांच्या वकिलाला, जोसाया क्विन्सीला, ज्युरीला सांगावं लागलं की घराघरात लागलेल्या चित्रांवर जाऊ नका. प्रेस्टन सुटला, आठांपैकी सहा शिपाई सुटले, दोघांच्या अंगठ्यावर शिक्षा म्हणून तापल्या लोखंडाचा डाग दिला.

तर आमचा प्रिंट. खालच्या कोपऱ्यात पाण्याचा जुना पिवळा डाग होता आणि तिथे दोन लाल निघाले. एक डागाच्या खाली, दुसरा डागाच्या वर. म्हणजे कागद भिजून, वाळून, डाग पडल्यावर कधीतरी कुणालातरी रक्त कमी वाटलेलं.

गृहस्थांना फोटो काढून दाखवला, म्हटलं डाग होईल तेवढा काढते, लालाला हात लावणार नाही. न्यायला आले तेव्हा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "वरचा लाल छान आहे, नाही?"