चिठ्ठी निघेल तो रंग

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी संकल्पचित्राची तयारी करून घेताना परभणीतल्या माझ्या पोरांना मी बजावतो, की एकाला लागून तोच रंग आणू नका. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण हा नियम माझ्याच हातात इतका मुरलाय की स्वतःसाठी रंगवायला बसलो तरी लालशेजारी लाल पडत नाही. हात पंगतीत वाढल्यासारखे रंग सगळीकडं सारखे वाटत जातो.

म्हणून मी चिठ्ठ्या काढतो. पाव इम्पिरिअल (साधारण ११ बाय १५ इंच) कागदावर आठ बाय आठची जाळी, आठ रंग, प्रत्येकाच्या आठ चिठ्ठ्या, सगळ्या स्टीलच्या डब्यात. निघेल तो रंग लावायचा, बदलायचा नाही.

ही वाट अमेरिकन चित्रकार एल्सवर्थ केलीची. पॅरिसमध्ये असताना १९५१ साली त्यानं आकडे घातलेल्या चिठ्ठ्यांच्या आधारानं रंगीत कागदाचे चौकोन जाळीत मांडले. फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा मोरेलेनं १९६० मध्ये टेलिफोन डिरेक्टरीतले सम-विषम आकडे घेऊन ४०,००० चौकोन लाल-निळे केले.

परवाच्या चित्रात तिसऱ्या ओळीत दोन नारिंगी शेजारी आले, खाली आणखी एक. रंग वाळल्यावर मधल्या पेन्सिलच्या रेघा दिसेनात आणि तिन्ही मिळून एकच कोपऱ्याचा आकार झाला. त्याला चिकटून एक राखाडी चौकोन आहे. डब्यातली तीच राखाडी, पण नारिंगीजवळ ती स्पष्ट निळसर दिसते. ही जागा मला उभ्या जन्मात सुचली नसती.

‘मग यात चित्रकाराचं काय?’ असं एका सहकाऱ्यानं विचारलं. अहो, आठ रंग कोणते, चौकोन केवढा, हे मीच ठरवतो ना! जर्मनीतल्या कोलोन कॅथीड्रलच्या खिडकीत २००७ साली चित्रकार गेरहार्ड रिश्टरनं ७२ रंगांचे अकरा हजारांहून जास्त काचेचे चौकोन संगणकाकडून कसेही पडू दिले, पण ते ७२ रंग त्यानंच निवडलेले होते. काही पट्ट्या तर आरशातल्यासारख्या उलट करून पुन्हा वापरल्या. योगायोगाला कुंपण लागतंच, आणि ते घट्ट असेल तितकी आत गंमत जास्त.

सध्या चौकोनांमध्ये पांढरी फट ठेवावी का, यावर अडलोय. फट ठेवली की ते तीन नारिंगी पुन्हा सुटे होतात. मला ते नकोय.