तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नवरा काही म्हणत नाही?’

ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायकांचा आवाज टेप छातीवरून फिरली की हमखास खाली येतो. “काऊन वं बाई, नवरा काई म्हनत नाई?” माझे दोन्ही स्तन काढले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून हेच ऐकतेय. परवा तर आर्वीहून पाहुणी आलेल्या, नावही माहीत नसलेल्या बाईनंही विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

म्हणतात ना. सोयाबीनला भाव नाही म्हणतात, वरणात मीठ कमी म्हणतात. माझ्या छातीबद्दल त्यांनी काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे, ते आधी सांगा.

आई, मावशी, मग धाकटी बहीण, तिघींना कॅन्सर झाला, हे गावाला ठाऊक आहे. माझ्या रक्तात बीआरसीए-१ नावाच्या जनुकाचा दोष निघाला. तो असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ७० जणींना ऐंशीच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर गाठतो, आणि दोन्ही बाजू काढल्या की हा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. “काई झालं नव्हतं तरी कापून टाकलं” म्हणणाऱ्यांनी बहिणीच्या केमोच्या दिवसांत दवाखान्यात एकदा तरी डबा घेऊन यायचं होतं.

भाची म्हणते, अँजेलिना जोलीनं २०१३ साली हेच ऑपरेशन केल्याचं जगाला सांगितलं, ती तर आधीसारखीच दिसते. दिसेल. तिनं छाती परत बनवून घेतली, मी नाही घेतली. मी कापसाच्या पिशव्या शिवते. नुसता कापूस हलका पडतो, ब्लाउज वर चढतं, म्हणून आत मूठभर राई घालते. कटोरी नीट बसते. दिसण्याचा प्रश्न एवढ्यात सुटला.

दिसण्याचा. जाणवण्याचा नाही. आणि ते आजवर मला एकीनंही विचारलेलं नाही. फासळ्यांमधून येणाऱ्या बारीक नसा ऑपरेशनात कापल्या जातात. छाती नव्यानं बनवली, बोंड राखलं, तरी पहिली जाणीव बहुतेकींना परत मिळत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं नाही. नळ्या कधी निघणार, हात किती वर करायचा, घागर कधी उचलायची, सगळं सांगितलं. “संसारात काही अडचण नाही,” हे डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून सांगितलं.

पण खरं बोलायचं तर मीही विचारलं नव्हतं. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, “आणखी काही मनात आहे का?” मी हसून म्हटलं, “दोन लेकरं पिऊन मोठी झाली, आता काय करायचं त्यांचं?” त्या बाईचा, म्हणजे माझाच, मला आज राग येतो. लेकरांचं झालं, नवऱ्याचंही धरलं असशील, तुझं काय? माझं तर तिथूनच सुरू व्हायचं. हे लिहितानाही कान तापलेत, पण लिहिते.

ऑपरेशननंतर सात महिने आमच्यात काही नव्हतं. ते पाठ करून झोपायचे. मला वाटायचं, किळस येते. मी ब्लाउज घालून झोपायचे. त्यांना वाटायचं, दुखतं, हात लावायचा नाही. दोघंही समजूतदार, म्हणून दोघंही गप्प.

मग एका संध्याकाळी मी हुक लावत बसले होते. हातातली सुई छातीवर ब्लाउजात खोचून ठेवायची माझी सवय पोरगी असल्यापासूनची. हे वावरातून आले, पाणी प्यायले आणि तांब्या हातात धरून बघतच राहिले.

“काय वं, रगत येऊन रायलं तुले.”

खाली बघितलं तर पिवळ्या ब्लाउजावर रुपयाएवढा डाग. सुई अर्धी आत होती.

“तुले समजलं नाई?”

“नाई.”

“काईच?”

“काईच.”

त्यांनी दार लोटलं. सुई काढली, पिशव्या काढल्या आणि सात महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं. मी छताकडे बघत होते. मग बोट टेकवून विचारायला लागले, “इथं?” नाई. “इथं?” नाई. माझ्या डब्यातला कापडावर खुणा करायचा निळा खडू त्यांनी घेतला. जिथं मी “हाव” म्हटलं तिथं रेघ. गळ्याच्या हाडाखाली चार बोटांवर, काखेच्या मागं, पोटाच्या वर. आत सगळं मुकं. एका जागी मी खोटंच “हाव” म्हटलं. त्यांना कळलं असावं, तिथं रेघ ओढली नाही.

त्या रात्री काही झालं नाही. दोन दिवस रेघा अंगावर होत्या, मी तिथं साबण लावला नाही.

त्यानंतर सगळं छान झालं असं ऐकायचं असेल तर तसं नाही. रेघेबाहेर बरंच काही आहे हे कळलं. मानेचं तर मला आधी माहीतच नव्हतं. पण कधीकधी मधेच मुक्या जागेवर त्यांचा हात आहे हे मला डोळ्यांनी दिसतं, अंगाला कळत नाही, आणि मी तिथून उठून गेल्यासारखी होते. चूक केली का? बहिणीकडे बघितलं की नाही वाटतं. रात्री बाराला विचाराल तर माहीत नाही.

आता त्याच दोषापायी अंडाशयाचं निघालंय. माझ्यासारखीनं ते पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान काढावं म्हणतात, मी एकोणचाळीसची आहे. या वेळी ह्यांच्यासमोर मीच विचारलं, “संसाराचं काय?” डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. पाळी एकदम बंद होईल, अंगात वाफा येतील, कोरडं पडेल, इच्छाही कमी होऊ शकते, जेल मिळतं, इतरही उपचार आहेत, असं एकेक सांगितलं. हे पंख्याकडे बघत होते.

तारीख मागितली तेव्हा मी म्हटलं, दिवाळीनंतर सांगते. दिवाळीत ब्लाउजांची गर्दी असते.