इफ्फी २०१८ : पणजीत पाहिलेले चित्रपट, थोडक्यात

भारताच्या ४९व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, म्हणजेच इफ्फीसाठी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीला जाऊन आलो. २० ते २८ नोव्हेंबर २०१८ अशा तारखा होत्या. २००४पासून हा महोत्सव गोव्यातच भरत असल्याने शहरालाही त्याची चांगली सवय झाली आहे. कांपालची कला अकादमी, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीलगतचे आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस ही ठिकाणे मांडवीच्या काठाने पायी गाठता येतात. त्यामुळे दोन खेळांच्या मधल्या वेळेत नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी चालता चालता भांडता येते, आणि हे सुख मल्टिप्लेक्सच्या सरकत्या जिन्यावर मिळत नाही. सकाळी पातळभाजी-पाव आणि रात्री गाड्यावरचे रस-ऑम्लेट यांच्यामध्ये जे पाहिले, त्यातले लिहिण्याजोगे तेवढे इथे देतो.

उद्घाटनाचा चित्रपट होता ज्युलियन लँडे यांचा ‘द ॲस्पर्न पेपर्स’. हेन्री जेम्सची कथा, व्हेनिसमधला जुना वाडा, व्हेनेसा रेडग्रेव्हसारखी अभिनेत्री, सगळा जामानिमा होता; पण व्हेनिस तिथे केवळ पडद्यासारखे मागे टांगलेले वाटते आणि पात्रे उंची कपडे सांभाळत संवाद म्हणतात. रेडग्रेव्ह समोर असते तेवढाच वेळ चित्रपटात जीव येतो. इंडियन पॅनोरमाची, म्हणजे महोत्सवातल्या भारतीय चित्रपटांच्या विभागाची, सुरुवात शाजी करुण यांच्या मल्याळम ‘ओळु’ने झाली. अत्याचार करून पाण्यात बुडवलेली मुलगी खाडीच्या तळाशी जिवंत राहते आणि होडीतून जाणाऱ्या एका चित्रकाराला तिचा आवाज ऐकू येतो, अशी कल्पना आहे. एम. जे. राधाकृष्णन यांचे छायाचित्रण इतके देखणे आहे की त्या मुलीवर काय गुदरले आहे याचाच विसर पडू लागतो, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

त्याच केरळच्या किनाऱ्यावरचा, पण पाण्याकडे सौंदर्य म्हणून बघायला ज्याला सवडच नाही असा चित्रपट म्हणजे लिजो जोस पेल्लिसेरी यांचा ‘ई.मा.यौ.’. चेल्लानम या कोळी वस्तीत राहणारा वावच्चन बदक घेऊन घरी येतो, मुलाबरोबर दारू पीत बसतो आणि आपल्या बापाची अंत्ययात्रा किती थाटाची होती याच्या आठवणी काढतो. मुलगा ईशी भरात येऊन त्याला वचन देतो, की तुमची मयत त्याहून दणक्यात काढीन. बँड, उंची शवपेटी, काही कमी पडू देणार नाही. म्हातारा त्याच रात्री कोसळून मरतो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे ते वचन पाळताना ईशीची होणारी फरफट. बायकोचे दागिने मोडून आणलेल्या महागड्या पेटीचा तळ ऐन वेळी निखळतो. म्हाताऱ्याचा दुसरा संसार दारात येऊन उभा राहतो. गावातल्या कुजबुजीवरून पाद्रीबाबांना खुनाचा संशय येतो आणि ते दफनविधी नाकारतात. आणि वरून पावसाची झड काही थांबत नाही. प्रेक्षागृह आधी खो-खो हसत होते, मग चाचरत हसू लागले आणि शेवटी पार गप्प झाले. हा उतार दिग्दर्शकाने इतक्या बेमालूमपणे आखला आहे की नेमके कुठल्या क्षणी हसू आटले, हे शोधूनही सापडत नाही. पी. एफ. मॅथ्यूज यांच्या पटकथेला कोण कुठे बसून रडते, शेजारी काय कुजबुजतात आणि उसने पैसे कोणाकडे मागायचे, हे सगळे आतून ठाऊक आहे. चेंबन विनोद जोस यांचा ईशी आईच्या, बायकोच्या आणि गावाच्या ओढाताणीत ज्या तऱ्हेने विरत जातो, त्याला तोड नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती गावांत वाढलेल्यांना यातली बरीच माणसे ओळखीची वाटतील.

सर्गेई लोझनित्सा यांच्या ‘डोनबास’मध्ये सलग कथा नाही. पूर्व युक्रेनच्या याच नावाच्या प्रदेशात रशियाधार्जिण्या फुटीरांशी २०१४पासून चाललेल्या युद्धातले १३ तुकडे एकापुढे एक ठेवले आहेत. सुरुवातीलाच रंगभूषा करून बसलेली माणसे खोट्या बातमीसाठी पळवत नेली जातात आणि कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्षदर्शी म्हणून उभी राहतात. खांबाला बांधलेल्या कैद्याला वाटेवरचे लोक मारतात आणि मोबाइलवर त्याचे चित्रण करतात, तो प्रसंग पाहवत नाही, आणि दिग्दर्शकही सुटका करत नाही. मला मात्र त्याहून जास्त बोचला तो मोटारीचा प्रसंग : चोरीला गेलेली गाडी सापडली म्हणून एक व्यापारी ती न्यायला येतो, तेव्हा ती फुटीरांच्या लढ्याला स्वखुशीने दिल्याच्या कागदावर त्याची सही मागितली जाते, वर पैसेही मागितले जातात, आणि शेजारच्या खोलीत पाहावे तर त्याच्यासारखे कितीतरी जण फोनवरून रकमेची जुळवाजुळव करत येरझाऱ्या घालत असतात. महोत्सव चालू असतानाच, २५ नोव्हेंबरला, केर्चच्या सामुद्रधुनीत रशियाने युक्रेनच्या नौदलाची ३ जहाजे ताब्यात घेतली. त्यानंतर या चित्रपटाला अतिशयोक्त म्हणणाऱ्यांचा आवाज थोडा खाली आला.

मिल्को लाझारोव्ह यांचा ‘आगा’ सायबेरियातल्या याकुतियाच्या बर्फात घडतो. नानूक आणि सेदना हे वृद्ध जोडपे, कातड्यांचे घर, बर्फाला भोक पाडून केलेली मासेमारी आणि आकाशात मधूनच उमटणारी विमानाची रेघ. सेदना आपले दुखणे नवऱ्यापासून लपवते आणि हिऱ्यांच्या खाणीत काम करायला निघून गेलेल्या मुलीविषयी दोघेही जपून बोलतात. हाताने चाललेली कामे दिग्दर्शक घाई न करता दाखवतो, म्हणून शेवटी ती प्रचंड खाण वरून दिसते तेव्हा तिचा आकार अंगावर येतो. पहिली वीस मिनिटे कंटाळून उठून गेलेल्यांची कीव आली.

प्रवीण मोरछले यांचा लडाखी ‘वॉकिंग विथ द विंड’ याच जातकुळीतला : मित्राची शाळेतली खुर्ची मोडली म्हणून ती दुरुस्तीसाठी डोंगरवाटांनी घरी आणणारा एक मुलगा, बस्स. फिलिपिन्सचा ‘रेस्पेतो’ मनिलाच्या गल्ल्यांतला एक रॅपर पोरगा आणि मार्शल लॉचा काळ सोसलेला एक जुना कवी यांना समोरासमोर आणतो. शब्दांची जुगलबंदी झकास आहे, शेवट मात्र अवाजवी रक्तरंजित वाटला. युक्रेनचा ‘व्हेन द ट्रीज फॉल’ प्रतिमांच्या हव्यासापायी भरकटतो. निपुण धर्माधिकारी यांचा ‘धप्पा’ पुण्यातल्या सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या मुलांच्या नाटकाचा आहे. नाटकात तुकाराम आणि येशू दोघेही असल्याने बाहेरचे गुंड धिंगाणा घालतात, घाबरलेले पालक माघार घेतात आणि मुले मात्र हट्टाला पेटतात. मोठ्यांचे भाबडे संवाद कमी चालले असते. मुलांची आपापसातली वादावादी मात्र अस्सल पुणेरी आहे.

सुवर्णमयूर, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार, ‘डोनबास’ला मिळाला. पेल्लिसेरी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक आणि चेंबन विनोद जोस सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, लाझारोव्ह यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, तर पदार्पणाचा पुरस्कार ‘रेस्पेतो’ला गेला. माझ्या हाती असते तर पहिल्या दोन निकालांची अदलाबदल केली असती, कारण ‘डोनबास’ने मला हादरवले, पण त्यातल्या एकाही माणसाचे पुढे काय झाले असेल याची काळजी लागली नाही; ईशीची अजून लागते.