कातळशिल्पांची दोन दिवसांची सहल: आधी ऊन बघा, मग गाडी ठरवा

रत्नागिरीहून 16 जणांचा गट घेऊन आम्ही जानेवारीत राजापूरपर्यंतची कातळशिल्पं पाहून आलो. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची 9 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांतली 7 रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. कुडोपी सिंधुदुर्गात, तर फणसायमळ गोव्यात. ही सगळी एका दमात करायचा मोह होतोच. आम्ही सहाच घेतली आणि तीच संख्या बरोबर, असं आता ठामपणे सांगतो.

कारण ऊन. ही चित्रं जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खोदलेली आहेत. खोदाई फार खोल नसते आणि रंग तर नाहीच. ऊन तिरपं असलं की रेषेच्या एका कडेची सावली खाचेत पडते आणि चित्र उठून दिसतं. सूर्य डोक्यावर आला की ती सावली जाते आणि माणूस खोदलेल्या हत्तीच्या पाठीवर उभा राहून ‘हत्ती कुठाय’ विचारतो. म्हणजे कामाच्या वेळा दोनच: उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. एका दिवसात दोन, फार तर तीन सडे होतात. मधला वेळ प्रवास, जेवण आणि सावली यांचा.

महिना निवडतानाही हाच हिशेब. पावसाळ्यात खाचांत पाणी साचतं आणि शेवाळावरून पाय सटकतो. दिवाळीच्या सुमारास गवत गुडघाभर असतं. गवत वाळलं, कापलं गेलं, की डिसेंबर ते फेब्रुवारी सडा मोकळा असतो. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून बेत आखू नका. सड्यावर झाडाची सावली नाही आणि कातळ तव्यासारखा तापतो.

गाडी 17 आसनी टेंपो ट्रॅव्हलर. याहून मोठी बस वाडीच्या रस्त्याला वळत नाही. सड्यावर माणशी 3 लिटर पाणी लागतं, जवळ टपरी नसते. आणि प्रत्येकाकडे जाड मोजे हवेतच. चित्रावर चपला-बूट घालून जायचं नाही, आणि साडेदहानंतर अनवाणी पाय टेकवत नाही. मोजे विसरलेल्यांना कडेला उभं राहून बघावं लागलं.

प्रत्येक गावात आदल्या दिवशी फोन करून वाटाड्या ठरवा. नकाशावरची खूण बऱ्याचदा सड्याच्या भलत्याच टोकाला नेते, आणि पाणंदीतून आत शिरलेली गाडी मागे घेणं हा अर्ध्या तासाचा खेळ. आमची जांभरूणची सकाळ अशीच गेली. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि निम्मी चित्रं दिसलीच नाहीत. वाटाड्याचे पैसे जागच्या जागी, हातात द्या. सडा राखणारी तीच माणसं आहेत.

सुरुवात उक्षीपासून करा. तिथे एकच मोठा हत्ती आहे, भोवती चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) घातलेला. एकाच आकृतीवर नजर बसते. एक रेषा धरायची, ती संपेपर्यंत सोडायची नाही, मग दुसरी. ही सवय इथे लागली तर पुढची गुंतागुंतीची चित्रं वाचता येतात.

दुपारी पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी. जेवण एका घरी सांगून ठेवलं होतं: भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. मग सव्वाचारला सड्यावर. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच. जमिनीवरून तो अख्खा नजरेत मावत नाही. आम्ही वाटाड्याला विचारून 16 जणांना बाहेरच्या रेषेलगत, पण रेषेबाहेर, पाच-सहा पावलांवर एकेक उभं केलं. एक सोंडेच्या टोकाशी, एक शेपटीशी, बाकीचे पाठ, पोट आणि पाय धरून. मग एकेकाने बाहेर येऊन बघायचं. माणसांची ती साखळी दिसली की हत्ती दिसतो.

त्याच्या पोटात 70-80 लहान आकृत्या आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला मुशी (शार्क) आणि पाकट (लांब शेपटीचा चपटा मासा) ओळखायला वाटाड्या लागत नाही. सूर्य बुडल्यावर लगेच निघू नका. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की दिवसा न दिसलेल्या बारीक रेषा उघड्या पडतात. आमच्या गटातल्या बहुतेकांना पाकटाची शेपटी तेव्हाच दिसली.

खडू, चुना, पाणी यांतलं काहीही रेषेवर घालू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. जांभा सच्छिद्र असतो, घातलेलं आत मुरतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच देवीहसोळ, मग बारसू. बारसूला दोन बाजूंना दोन वाघ आणि मध्ये माणूस असं शिल्प आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही असंच दृश्य आहे, म्हणून गटात लगेच ‘सिंधू संस्कृती’ सुरू होतं. नुसत्या साम्यावरून नातं सिद्ध होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. वयाचंही तसंच. कार्बन चाचणीला सेंद्रिय अवशेष लागतात, नुसत्या दगडातल्या खाचेला ती लावता येत नाही. म्हणून इतिहासपूर्व काळापासून सुरुवातीच्या ऐतिहासिक काळापर्यंत इतका मोठा पल्ला सांगितला जातो. छातीठोकपणे एकच वर्ष सांगणाऱ्यावर विसंबू नका.

देवाचे गोठणे शेवटी, चारनंतर. गावातून सड्यावर चढून जावं लागतं. आडव्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई दिशा सोडते. त्यासाठी साधं सुईचं होकायंत्र न्या. मोबाईलमधलं चालत नाही, कव्हरमधल्या चुंबकानेही ते हलतं. किल्ल्या आणि फोन दूर ठेवा, होकायंत्र कातळावर सपाट टेकवा, सुई थांबू द्या, मग वीतभर सरकवा. पुन्हा थांबा, पुन्हा सरकवा. घाई केली तर सुई नुसती डुलते आणि काहीच कळत नाही. 16 जणांना एकेक करून बघायला पाऊण तास लागला, तेवढा वेळ हातात ठेवूनच वर चढा.