केनेडी स्पेस सेंटर: आधी सॅटर्न, मग अटलांटिसचं पोट

अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या सहलीत नासाच्या केनेडी स्पेस सेंटरला अर्धा दिवस देऊ नका, पूर्ण दिवस ठेवा. ऑरलँडोहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. वाटेत टोल लागतो आणि पार्किंगचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त द्यावे लागतात. दार उघडायच्या वेळेला पोहोचा. आत शिरताच रॉकेट गार्डन लागतं, तिथे रेंगाळायचा मोह टाळा आणि थेट बसच्या रांगेत उभे राहा.

कारण माणसांना चंद्राकडे नेणारं सॅटर्न-५ रॉकेट मुख्य आवारात नाही. ते ठेवलंय नासाच्या हद्दीत बरंच आत आणि तिथे फक्त त्यांचीच बस नेते. बसचं भाडं प्रवेशतिकिटातच येतं, पण शेवटची बस संग्रहालय बंद होण्याच्या बरीच आधी सुटते आणि दुपार चढेल तशी रांग वाढते. एखाद्या रॉकेटचं उड्डाण असेल तर फेरी बदलते किंवा रद्दही होते, तेव्हा तिकीट काढण्याआधी उड्डाणांचं वेळापत्रक बघून घ्या. बसमधून रॉकेटं जुळवायची सुमारे १६० मीटर उंचीची इमारत दिसते. रस्त्याकडेच्या चरांवरही नजर ठेवा, मगरी दिसतात. हा सगळा भाग वन्यजीव अभयारण्यातच येतो.

सॅटर्नच्या इमारतीत आधी अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातल्या नियंत्रण कक्षाची खरी कन्सोल्स दाखवतात. मग दार उघडतं आणि समोर रॉकेटच्या तळाच्या पाच एफ-१ इंजिनांची तोंडं. बहुतेक लोक तिथे फोटो काढून पुढे सरकतात. तुम्ही तिथेच थांबा. इंजिनाच्या घंटेसारख्या तोंडाला जाड नळीचा वेढा दिसेल. पंप फिरवणाऱ्या टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायू त्यातून घंटेच्या खालच्या भागात आतल्या बाजूने सोडत. हा वायू मुख्य ज्वालेपेक्षा पुष्कळ थंड, त्यामुळे धातू वाचायचा. वरच्या भागाच्या भिंती म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या बारीक नळ्या. त्यांतून केरोसीन खेळवून त्या थंड ठेवत. बाहेरची चार इंजिनं दिशा देण्यासाठी कलतात, मधलं स्थिर असतं. पाचही मिळून सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि द्रव ऑक्सिजन संपवत. या इंजिनाचं सर्वांत अवघड दुखणं म्हणजे ज्वलन डगमगणं. त्यावर उपाय सापडला की नाही हे तपासायला अभियंते चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवत आणि ज्वाला किती लवकर स्थिरावते ते मोजत.

१११ मीटर लांबीचं हे रॉकेट एकाच उड्डाणासाठी जुळवलेलं नाही. पहिला टप्पा जमिनीवरच्या चाचण्यांसाठी बांधलेला. वरचे दोन खरे उड्डाणाचे, पण मोहिमाच रद्द झाल्यामुळे उरलेले. १९७६ पासून वीस वर्षं ते उघड्यावर पडून होतं. छताखाली आणलं नसतं तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने ते खाऊन टाकलं असतं.

मुख्य आवारात परतल्यावर अटलांटिसकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या स्पेस शटल यानाकडे जा. जून ते सप्टेंबर दुपारी इथे विजांसह पाऊस कोसळतो, त्या वेळेला ही इमारत सोयीची. सुरुवातीची फिल्म संपली की पडदा वर जातो आणि ४३.२१ अंशांत कललेलं, मालकक्षाची दारं उघडलेलं खरं यान समोर येतं. १९८५ ते २०११ दरम्यान ते ३३ वेळा अवकाशात जाऊन आलं. वरून पाहून झालं की खाली उतरा, कारण खरी गोष्ट पोटाशी आहे.

तिथल्या काळ्या फरशा सिलिकाच्या आहेत. त्या सुमारे १,२६० अंश सेल्सियस सोसतात, पण ठिसूळ असतात. यानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, तापला की फुगणारा. फरशी थेट त्यावर चिकटवली तर तडकेल. म्हणून मध्ये नमद्यासारखी मऊ पट्टी घातली आहे. नाक आणि पंखांची पुढची कड आणखी तापते, तिथे कार्बनचे राखाडी पत्रे आहेत. डिसेंबर १९८८ मध्ये याच अटलांटिसच्या ७००हून अधिक फरशा उड्डाणात बाजूच्या रॉकेटवरून निखळलेल्या आवरणाने खरवडल्या गेल्या आणि एक पूर्ण निघाली. नेमकी त्या जागेमागे अँटेनाची जाड धातूची पट्टी होती, म्हणून पाचही जण जिवंत परतले.

हे डोक्यात ठेवून त्याच इमारतीतल्या स्मृतिदालनात जा. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी कोलंबिया या दुसऱ्या शटलच्या डाव्या पंखाच्या तशाच कार्बन कडेवर इंधनाच्या टाकीवरचा फोम आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. त्यात कल्पना चावला होत्या. त्यांच्या आणि कोलंबिया व १९८६ मध्ये नष्ट झालेलं चॅलेंजर शटल यांवरच्या इतर तेरा अंतराळवीरांच्या वस्तू इथे मांडल्या आहेत. शेजारी चॅलेंजरच्या अंगाचा ध्वज असलेला तुकडा आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी आहेत. इथे मुलांना घाई करू नका, वाचू द्या.

आभाळ मोकळं झालं असेल तर शेवटी रॉकेट गार्डन. आडवं ठेवलेलं सॅटर्न-१बी रॉकेट तिथे आहे. स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकावर अडकलेल्यांची सुटका करायची वेळ आलीच तर म्हणून ते सज्ज ठेवलं होतं.