केमिस्ट्रीत सी असलेल्या पोराची कॉलेज-यादी

आज दुपारभर लेकासोबत कॉलेजांची यादी. एसएटी (अमेरिकेतली कॉलेज-प्रवेशाची परीक्षा) 1600 पैकी 1510, पण दहावीत केमिस्ट्रीत सी ग्रेड! अशाला सेफ्टी, म्हणजे प्रवेश नक्की मिळेल असं कॉलेज, शोधायची कुठे? ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे नियम वाचून जीव भांड्यात पडला: जीपीए (शाळेतल्या ग्रेड्सची सरासरी) 3.0 किंवा परराज्यातल्यांना एसएटी 1180, यातलं एक असलं तरी चालतं (इंजिनिअरिंगची अट कडक, अर्थात). मग नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) उघडला. फेडरल (केंद्र सरकारची) मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो 2011 पासून वेबसाइटवर ठेवावाच लागतो, तरी आमच्या मराठी मंडळींत चर्चा फक्त रँकिंगची! आकडा बघून ह्यांचा चहा गार झाला. प्रवेश पक्का पण फी झेपेना, तर ती कसली सेफ्टी? आता आमच्या न्यू जर्सीतलीच सरकारी कॉलेजं वर घेतलीत. लेक म्हणतो, "मग गाडी घेऊन दे."