तुम्ही विचारलंत म्हणून: खरी रेंज कोणाची?

"मॅडम, तुमची नॉर्मल रेंज वेगळी अन् लातूरच्या लॅबची वेगळी. खरी कोणाची?" रिपोर्ट उलगडून रोज कुणीतरी विचारतंच, आणि सूर असा की मी काटा मारलाय.

दोन्ही खऱ्या. मशीन वेगळं, ज्यांच्या रक्तावरून रेंज काढली ती माणसंही वेगळी. निरोगी माणसांतल्या मधल्या 95 टक्क्यांचे आकडे म्हणजे रेंज. वरचे अडीच अन् खालचे अडीच टक्के धडधाकट असूनही बाहेर पडतात. म्हणून ताप नसताना प्लेटलेट रेंजच्या जराशा खाली, 1.42 लाख आल्या तर पपईच्या पानांचा रस काढत बसू नका, असं मी सांगते. कुणी ऐकत नाही, ते असो.

"मग आपल्या लोकांची रेंज का काढत नाही?" काढायला घेतली होती की! निदान 120 निरोगी पुरुष अन् 120 निरोगी स्त्रिया लागतात. पुरुष पटापट मिळाले. बायकांपाशी गाडं अडलं, कारण निरोगी म्हणायचं तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, पुरेसा हवा.

टोळ्या कारखान्यांवर जायच्या आधी एक ऊसतोड मावशी आल्या. हिमोग्लोबिन 10.8, फेरिटिन तळाला. म्हटलं, मावशी, रक्त कमी आहे, तुम्हाला यात धरता येणार नाही.

"कमी? अवं बाई, उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढती मी. तुमच्या यादीतली कोण चढती, बोलवा तिला."

मी गोळ्यांचं सांगायला लागले, चहासोबत घेऊ नका वगैरे. चिठ्ठी त्यांनी कमरेच्या पिशवीत घातली, पण जाता जाता म्हणाल्या, "म्हंजी मी नॉर्मल न्हाई, अन् माझ्यासारख्या समद्याच न्हाईत?" मला उत्तर सुचलं नाही. फॉर्मवर 'वगळले' लिहिलं. त्याच्याखाली पुढे तोच शब्द किती वेळा लिहिला.

वगळायलाच हवं होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया निघाला. त्यांना धरलं तर खालची हद्द घसरते, मावशींच्या लेकीला 10.8 वर 'नॉर्मल' छापून मिळतं अन् गोळ्या कुणी देत नाही. पण वगळता वगळता उरल्या शिक्षिका, बँकेतल्या बाया, डॉक्टरांच्या बायका. ती मराठवाड्याची रेंज म्हणून छापू? पूर्वीची मी म्हणाली असती, निरोगी ती निरोगी, धंदा काय करते याच्याशी रक्ताला काय देणंघेणं. आता तिच्याशी माझं पटत नाही, आणि तिला खोडूनही काढता येत नाही.

तर पुरुषांची रेंज आमची आहे. स्त्रियांची अजून मशीनच्या कंपनीच्या पुस्तकातली, 20 निरोगी नमुन्यांवर पडताळलेली. दोनापेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत तर चालते, असा नियम आहे. हिमोग्लोबिनपुढे जागतिक आरोग्य संघटनेची 12 ची रेघ मी वेगळी छापते. ती रेंज नव्हे, गरोदर नसलेल्या बाईचा अ‍ॅनिमिया ठरवायची रेघ आहे. त्यावरून भांडायचं असेल तर रविवार सोडून कधीही या.